पिनवाल्या मॅडम आणि कलेक्टरची हिरवळ

आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये भिंतीवर देवाचा फोटो नव्हता. तिथं जळालेले बोर्ड टांगलेले होते. प्रत्येकाला प्लास्टिकच्या फुलांचा हार, आणि खाली पांढऱ्या पट्टीवर मजकूर : ‘कै. बोर्ड. मारेकरी, अमुक अमुक, दुसरं वर्ष.’ ज्या कुणी पाच व्होल्टच्या पिनेला बारा व्होल्ट जोडून तो बोर्ड मारला असेल, त्याचं नाव. तपासणीला आलेल्या समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, “हे काय आहे?”

“आमचे पितर,” मॅडम म्हणाल्या. “दरवर्षी वाढतात.”

मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख. पोरं त्यांना पिनवाल्या मॅडम म्हणत. मूळच्या नांदेडच्या, नोकरीला उदगीरला. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटकुळ्या, साडी कायम गुडघ्याशी खोचलेली, आणि खांद्यावरच्या शबनममध्ये एक मल्टिमीटर, एक हिरव्या मिरच्यांची पुडी आणि ज्वारीची भाकरी. मल्टिमीटरला भाकरीचं पीठ लागलेलं असे. त्याच्या दोन तारा त्या कशालाही लावून बघत. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी त्या प्राचार्यांच्या खुर्चीला लावल्या आणि “करंट न्हाई” असं जाहीर केलं. प्राचार्य तेव्हा खुर्चीत बसलेले होते.

मी तिथं नव्यानं लेक्चरर म्हणून लागले होते. माझं लग्न झालेलं नव्हतं, एवढ्या एका पात्रतेवर मला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही केलं होतं. शिकले होते मी पुण्याला, त्यामुळं मला वाटे की मायक्रोकंट्रोलर कसा शिकवायचा हे मला कळतं. पहिल्याच आठवड्यात मी मॅडमचा तास बघायला गेले, तर लॅब रिकामी. सगळा वर्ग बाहेर मैदानात, उन्हात, एका रांगेत उभा.

“ही काय शिक्षा आहे का?” मी विचारलं.

“शिक्षा कशाची? पिना हायत त्या,” मॅडम म्हणाल्या. आणि ओरडल्या, “तीन नंबर, हाय!”

तिसऱ्या नंबरची पोरगी हात वर करून उभी राहिली.

“तीन नंबर, न्हाई!”

हात खाली आला.

त्यांचं सगळं शिकवणं यावर उभं होतं. तळहाताएवढा बोर्ड, त्याच्या दोन्ही कडांना पिना. संगणकावर चार ओळी लिहायच्या आणि त्या बोर्डात उतरवायच्या. कुठल्या पिनेनं ऐकायचं आणि कुठल्या पिनेनं बोलायचं ते त्या ओळी ठरवतात. ऐकणाऱ्या पिनेला बटण जोडा, बोलणाऱ्या पिनेला दिवा. बटण दाबलं की दिवा लागतो. पिनेवर वीज असली तर पुस्तकात तिला ‘हाय’ म्हणतात, नसली तर ‘लो’. “इंग्रजांनी आपल्याकडूनच चोरलंय हे,” मॅडम सांगत. “लाइट हाय का? हाय. न्हाई का? न्हाई. तिसरं काई नसतंय. ‘लो’ म्हणायची गरज काय मग? न्हाई म्हणा!” विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेत आमच्या पोरी बाहेरच्या परीक्षकाला बेधडक सांगत, “सर, पिन सात न्हाई हाय.” परीक्षक घाम पुसत.

आणखी एक त्यांचा आवडता विषय होता तो अधांतरी पिनेचा. ऐकणाऱ्या पिनेला काहीच जोडलेलं नसलं तर ती गप्प बसत नाही. आसपासच्या हवेतलं काहीबाही पकडते आणि मनाला येईल ते सांगते. आत्ता हाय, आत्ता न्हाई. तिला एका रेझिस्टरनं, म्हणजे वीज अडवणाऱ्या बारक्या तुकड्यानं, कुठंतरी बांधून ठेवावं लागतं. हे शिकवताना मॅडम खिडकीतून प्राचार्यांच्या केबिनकडं बोट करत. “तो बगा. हात जवळ न्या, हाय म्हणतो. हात काढा, न्हाई म्हणतो. कुणी बांधलंच न्हाई त्याला.”

त्यांच्या यजमानांचं नांदेडला झेरॉक्सचं दुकान होतं. मॅडम एकाआड एक शनिवारी एसटीनं नांदेडला जात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येत. कुणी विचारलं, बदली का नाही करून घेत, तर म्हणत, “दिव्याला थेट पाच व्होल्ट दिले तर काय होतं? जळतो. मधे रेझिस्टर लागतो. आमच्या मधे लातूर जिल्हा हाय. पंचवीस वर्षं झाली, कुणी जळलं न्हाई.”

मला बघायला मुलगा आला होता तेव्हा माझ्या वडिलांनी, उदगीरमधल्या वडीलधाऱ्या म्हणून, मॅडमना बोलावलं. पोहे खाऊन झाले. मुलगा स्वतःच्या पगाराबद्दल, कंपनीबद्दल, पुण्यातल्या फ्लॅटबद्दल बोलत राहिला. मॅडम ऐकून ऐकून शेवटी म्हणाल्या, “बेटा, तुझ्या सगळ्याच पिना आउटपुट हायत काय रे? एखादी ऐकायची ठेवलीस का न्हाई?” मुलाची आई उठून उभी राहिली. वडील माझ्याकडं बघायला लागले. मी मात्र आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. ते लग्न जमलं नाही. याबद्दल मी आजही मॅडमची ऋणी आहे.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज असा की फोन न करताच निलंग्याला ऐकू जावा. माणूस दुष्ट नव्हता. पोरींचं वसतिगृह असलेलं कॉलेज या भागात कुणी काढत नव्हतं तेव्हा त्यांनी काढलं. पण त्यांना एका स्वप्नानं झपाटलं होतं. उदगीर जिल्हा होणार. दर प्रजासत्ताक दिनाच्या आधी आणि दर महाराष्ट्र दिनाच्या आधी ही हवा उठायची आणि नंतर बसायची. अप्पांनी मात्र हवेवर बांधकाम केलं होतं. कॉलेजला लागूनच एक बंगला उठवला; वर गॅलरी, खाली पोर्च, आणि पुढं परदेशी गवताची हिरवळ. जिल्हा झाला की कलेक्टरला राहायला घर लागेल, ते अप्पा देणार. म्हणजे घराला भाडं आणि अप्पांना कलेक्टरचा शेजार. अजून जिल्हा नव्हता, कलेक्टर नव्हता, पण गवत होतं आणि त्याला पाणी लागत होतं.

ती हिरवळ मॅडमच्याच बोर्डावर चाले. दुष्काळाच्या आधी अप्पांनी हौसेनं करून घेतलं होतं. मातीत दोन सळया रोवलेल्या, त्या एका ऐकणाऱ्या पिनेला जोडलेल्या. माती कोरडी झाली की पिनेला कळायचं, मग दुसरी पिन रिलेला इशारा करायची आणि रिले विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडायचा. पिनेची स्वतःची ताकद एका बारक्या दिव्यापुरती. व्हॉल्व्ह, मोटर असलं दांडगं काम रिले करतो. कॉलेजच्या मोठ्या टाकीवरून दोन पाइप निघत, एक बंगल्याला, एक मुलींच्या वसतिगृहाला. दोन्हींचे व्हॉल्व्ह एकाच लोखंडी पेटीतल्या बोर्डावर होते. पेटीला कुलूप आणि किल्ली, जानव्याला असावी तशी, अप्पांच्या गळ्यातल्या गोफाला.

मग पाऊस गेला. एक वर्ष ओढ दिली होतीच, दुसऱ्या वर्षी त्यानं तोंडच दाखवलं नाही. पुढं उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडं हिवाळ्यातच नळाला शिट्ट्या यायला लागल्या. कॉलेजची एकच बोअर जिवंत होती. माती कोरडी, म्हणून मॅडमचा तो बिनडोक बोर्ड बंगल्याचा व्हॉल्व्ह सारखा उघडत होता. मॅडम पेटी उघडायला गेल्या तर अप्पांनी किल्ली दिली नाही. “बाई, प्रजासत्ताक दिनाला नक्की घोषणा हाय. मुंबईहून माणसं बंगला बघायला येतील. वाळलेलं गवत दाखवू का त्यांना?” आणि माळ्याला कानडीत ओरडले, “नीर बिडो!” पाणी सोड. माळ्यानं नळीनंही सोडलं.

वसतिगृहाला सकाळी अर्धा तास पाणी. पोरी बादल्यांची रांग लावत आणि मी, रेक्टर, पंचासारखी मधे उभी. केस धुवायचे नाहीत अशी सूचना मलाच लिहायला लागली. मग जानेवारीत प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, वसतिगृह बंद करायचं, पाऊस पडेपर्यंत. पोरं गावात खोल्या घेऊन राहतील, मुलींनी घरी जावं.

मी ते मॅडमना येऊन सांगितलं. त्या सोल्डरिंग करत होत्या. त्यांनी गरम आयर्न स्टँडवर ठेवलं.

“घरी जातील आणि?”

“पाऊस पडल्यावर परत येतील,” मी म्हणाले.

“कोण सांगितलं तुला? देगलूरची ती, बापानं कसंबसं पाठवलेली, ती परत येईल? हिमायतनगरच्या त्या दोघी बहिणी? दिवाळीला गेल्या तेव्हाच एकीला बघायला आले होते. घरी गेलेली पोरगी ही वायर काढलेल्या पिनेसारखी असते बाई. परत जोडायला कुणी येत न्हाई.”

मग त्यांनी आयर्न परत उचललं.

दोनच दिवसांनी अप्पांनी त्यांना बोलावलं. कॉलेजच्या मैदानावर जिल्ह्यासाठी मोठा मेळावा भरायचा होता. मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते. स्टेजवर ‘उदगीर जिल्हा’ अशी दिव्यांची अक्षरं, आणि पाहुण्यांनी बटण दाबलं की ती पेटणार. ते बटण, ते दिवे, सगळं मॅडमनी करायचं. मेन लाइन त्या लोखंडी पेटीतून यायची, म्हणून अप्पांनी स्वतःच्या हातानं कुलूप काढून दिलं.

मॅडम परत आल्या त्या गुणगुणत. मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, बेसूर होत्या.

“आपली ताकद किती?” त्यांनी मला विचारलं. “दिव्याएवढी. अप्पापुढं आपण काय ओढणार? मोठा रिले पायजे होता. अप्पानंच मुंबईहून मागवलाय.”

मग त्यांनी कोड दाखवला. बटणाची पिन दाबली गेली की तीन गोष्टी होणार होत्या : दिवे हाय. वसतिगृहाचा व्हॉल्व्ह हाय. बंगल्याचा व्हॉल्व्ह न्हाई. “आणि दिवे लागले की तू माइकवर एक वाक्य म्हणायचंस.”

“मी?”

“मी बोलले तर लोक म्हणतील, येडी बोलून राहिली. तू गरीब दिसतीस.”

मेळाव्याच्या दिवशी मैदान भरलं होतं. वसतिगृह मैदानाला लागूनच. पोरींना मी एवढंच सांगितलं होतं की सगळे नळ उघडे ठेवा आणि खाली रिकाम्या पत्र्याच्या टाक्या आणि बादल्या लावा. त्यांनी कारण विचारलं नाही. रेक्टर म्हणून मला मिळालेला हा एकमेव मान.

अप्पा तासभर बोलले. पाहुणे उठले, हार सावरला, आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

पाहुण्यांनी परत दाबलं. अक्षरं काळीच. मागं कुणीतरी शिट्टी मारली. अप्पांचा चेहरा विभूतीपेक्षा पांढरा झाला. मॅडम स्टेजच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी एकदा बटणाकडं बघितलं, साडी आणखी वर खोचली, आणि सगळ्या मैदानादेखत स्टेजखालच्या कापडात शिरल्या. नुसते तळवे बाहेर. मंडपवाल्यांपैकी कुणाच्या तरी पायानं वायर उपटली गेली होती. खालून खडखडाट ऐकू आला, एक शिवी ऐकू आली, आणि मग कापडातून आवाज :

“साहेब, आता दाबा!”

पाहुण्यांनी दाबलं. ‘उदगीर जिल्हा’ लखकन पेटलं. टाळ्या सुरू झाल्या. मी माइकसमोर उभी होते आणि माझं वाक्य सोडून त्या अक्षरांकडंच बघत होते. स्टेजखालून मॅडमचं डोकं बाहेर आलं, केसात जळमट, दातात वायरीचा तुकडा.

“बोल गं!”

“माननीय पाहुण्यांच्या शुभहस्ते,” मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला चार भोंग्यांतून ऐकू आला, “नव्या जिल्ह्याचं पहिलं पाणी मुलींच्या वसतिगृहाला सोडण्यात आलेलं आहे.”

टाळ्या थांबल्या. त्या शांततेत पलीकडून आवाज आला. आधी नळांची फसफस, मग रिकाम्या पत्र्यांवर पाण्याचा एकदम धडाका. त्यानंतर पोरींचा एकच गलका उठला. सगळ्या मैदानानं माना वळवल्या. त्या वर्षी पाण्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. माझ्या पुढ्यातल्या खुर्चीवरचा एक म्हातारा नुसता हात जोडून उठला.

पाहुणे दचकले, पण ते उगीच मोठे झालेले नव्हते. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. “बंधू-भगिनींनो, आधी लेकींना पाणी, मग जिल्हा! हे पाणी पाऊस पडेपर्यंत बंद होणार नाही, हा माझा शब्द आहे. काय अप्पा?”

अप्पांनी दोन्ही हात जोडले. दुसरं काय करणार? समोर फोटोवाले उभे होते.

जिल्हा काही झाला नाही. प्रजासत्ताक दिन आला, अप्पा सकाळपासून टीव्हीसमोर बसले, आणि झेंडावंदन होऊन गेलं. अजूनही झालेला नाही; हवा मात्र दरवर्षी उठते. वसतिगृह बंद झालं नाही. पाहुण्यांच्या हस्ते सुटलेलं पाणी बंद करायची कुणाची छाती नव्हती, प्राचार्यांची तर नव्हतीच. बोअर कुथत कुथत का होईना, जूनपर्यंत पुरली. देगलूरची ती पोरगी आज हैदराबादला एका कंपनीत आहे. हिमायतनगरच्या बहिणींपैकी धाकटी टिकली. थोरलीला त्याच मार्चमध्ये घरचे येऊन घेऊन गेले, पाणी असूनही. मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. तिच्या वडिलांनी त्यांना हात धरून बाजूला केलं. त्यानंतर आठवडाभर त्यांनी शबनममधली भाकरी बाहेर काढली नाही.

वर्ष संपल्यावर अप्पांनी मॅडमची बदली केली. संस्थेच्या खेड्यातल्या एका शाळेत, आठवीला संगणक शिकवायला. मॅडमनी कोर्टकचेरी केली नाही. “नांदेड जवळ पडतंय,” म्हणाल्या, “आता नवऱ्याची काळजी वाटून राहिली.” तिथूनच रिटायर झाल्या. मी त्यांना फोन करते तेव्हा पलीकडून झेरॉक्सच्या यंत्राचा आवाज येतो आणि त्या दोघांचं भांडण ऐकू येतं.

पण मला मॅडम आठवतात त्या मेळाव्याच्या दुसऱ्या सकाळच्या.

सकाळचा पहिला तास त्यांचा होता, वसतिगृहातल्या पोरींच्या बॅचचा, आणि मी हजेरीचं काहीतरी विचारायला लॅबमध्ये गेले होते. पोरी आल्या. सगळ्या न्हाऊन आलेल्या. कित्येक आठवड्यांनी केस धुतले होते आणि वाळवायला वेळ नव्हता, म्हणून तशाच मोकळ्या सोडून बसल्या होत्या. पाठी ओल्या, बाकांवर थेंब, आणि सगळ्या लॅबला एक-एक रुपयाच्या शाम्पूच्या पुड्यांचा वास. मॅडम खडू घेऊन फळ्याकडं वळल्या. एक ओळ लिहिली, पुसली. परत लिहिली. मग पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या, बराच वेळ.

शेवटी नाक ओढून त्या वळल्या आणि खेकसल्या, “बोर्डावर पाणी सांडलं तर भिंतीवर तुमचीच नावं लावीन. चला, उठा! आधी केस वाळवा.”

“कुठं मॅडम? इथं कुठंच ऊन नाही,” एक पोरगी म्हणाली. आणि खरंच, आमच्या इमारतीवर त्या वेळी सावली असे.

मॅडमनी खिडकीतून बघितलं. “हाय की.”

अख्खा वर्ग त्यांच्या मागं निघाला, आणि मीही. मॅडमनी बंगल्याचं फाटक पायानं ढकललं आणि पोरींना त्या हिरवळीवर बसवलं. कोवळं ऊन होतं. पोरी माना वाकवून केस पुढं घेऊन बसल्या, एकमेकींच्या जटा सोडवायला लागल्या. वर गॅलरीत, रोजच्यासारखी हिरवळ बघायला आलेले अप्पा चहाची बशी तोंडाला लावून उभे होते. बशी तशीच राहिली.

मॅडमनी मान वर केली. “अप्पा, बगा! थेंब थेंब पाणी चाललंय तुमच्या लॉनला!”

अप्पांनी बशी खाली केली. आत गेले. मला वाटलं, आता माळ्याला पाठवून हाकलणार. माळी खरंच आला. तो आमच्यासमोर उभा राहून आधी घोटाळला, वर गॅलरीकडं बघितलं, आणि मग अंगठा मागं दाखवत म्हणाला,

“अप्पा म्हणाले, बसा म्हणावं. पण चपला काढून बसा.”